लेकीसाठी घोटलेला फिल्टर

आमच्या कारखान्यात टिचकीमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. नवा मॅनेजर आला तेव्हा त्याने हजेरीच्या वहीतलं नाव मोठ्याने वाचलं, तर मामाही आमच्याबरोबर इकडेतिकडे बघायला लागले, हा कोण बुवा म्हणून. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक भांड्याला ते बोटाने टिचकी मारायचे, कान जवळ न्यायचे आणि "चाललं" नाहीतर "गेलं" एवढंच म्हणायचे. "गेलं" म्हटलेलं भांडं दिसायला धडधाकट असलं तरी आम्ही बाजूला काढायचो, कारण तडा डोळ्याला दिसायच्या आधी मामांना ऐकू यायचा. यात त्यांची कधी चूक झालेली मला आठवत नाही, आणि मी लोकांच्या चुका लक्षात ठेवणारी बाई आहे.

आम्ही मातीचे पाण्याचे फिल्टर करतो. मोठ्या कुंडीसारखं भांडं, फक्त तळाला भोक नसतं. मातीत लाकडाचा चाळलेला भुसा मळायचा, साच्यात दाबून भांडं काढायचं, वाळवायचं, भाजायचं. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्याला न दिसणारी छिद्रं राहतात. हे भांडं झाकण आणि तोटी असलेल्या एका बादलीच्या तोंडावर बसतं. वर ओतलेलं पाणी छिद्रांतून झिरपत बादलीत उतरतं, गाळ आणि बहुतेक जंतू मातीत अडकतात. शेवटी आतून-बाहेरून चांदीच्या द्रावणाचा ब्रश फिरवतो, त्याने उरलेसुरले जंतू मरतात. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र जसेच्या तसे खाली येतात. हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, पण मी सांगतेच.

मामा आमच्याकडे आले ते साठीला टेकलेले. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी चाकावर घडे आणि रांजण घडवलेले. पहिल्याच दिवशी मी त्यांना फिल्टर कसा झिरपतो ते दाखवलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"बाई, भांडं गळू नये म्हणून मी जन्म घालवला," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता हे गळलंच पाहिजे?"

"गळायचं नाही मामा, झिरपायचं."

"त्यात फरक काय?"

"तासाला एक ते अडीच लिटर, एवढाच फरक."

ते काही त्यांना पटलं नाही. पुढे दोन वर्षांत त्यांनी हजारो फिल्टर भाजले, पण मनातून त्यांचा मान घट्ट भांड्यालाच होता असं मला आता वाटतं. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

कारखान्यात माझं कामच ते. भिजवलेलं भांडं काठोकाठ भरायचं, तास लावायचा, आणि खुणांची पट्टी आत बुडवून पाणी किती उतरलं ते बघायचं. अडीच लिटरच्या वर गेलं तर छिद्रं मोठी आहेत, जंतू सुटून जातील, म्हणून ते भांडं तिथेच फोडायचं. एक लिटरच्या खाली राहिलं तर काय, यावर आमच्याकडे नियमच नव्हता. हळू झिरपतं म्हणजे जास्त स्वच्छ होतं, अशी सगळ्यांची समजूत होती आणि माझीही तीच होती. मला सगळे घड्याळबाई म्हणतात ते या कामामुळे, वक्तशीरपणामुळे नाही.

मामांची एकुलती एक लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला दिली होती. घरात सासू, सासरे, नवरा आणि तीन वर्षांची नात. नातीला मामा पिटुकली म्हणायचे. लेकीने फिल्टर मागितला तेव्हा मामांनी रॅकवरचा एकही उचलला नाही. त्यांनी वेगळी माती चाळली, भांडं साच्यातून काढलं, आणि ते अर्धवट वाळल्यावर खिशातून काळा गुळगुळीत गोटा काढून आतून-बाहेरून घोटायला बसले. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांचं हेच चाललं होतं. घोटून घोटून त्यांनी त्या भांड्याला अशी झिलई आणली की मॅनेजर म्हणाला, याला पाणी पाजायचं की ओवाळायचं?

भाजून निघाल्यावर मी पट्टी घेऊन पुढे झाले, तर मामांनी माझा हात धरला.

"याच्यात पट्टी घालू नका. चरा पडेल."

"मामा, नियम आहे."

"माझ्या लेकीचं आहे हो. मी काय खराब देईन?"

मी वहीत बरोबरची खूण केली आणि भांडं सोडलं. माझा हा दोष मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे जो काय गोंधळ झाला त्यात मी इतरांवर फार डाफरले आहे.

दर रविवारी सकाळी मामा लेकीकडे जायचे आणि सोमवारी त्याचा वृत्तांत मला ऐकावा लागायचा. पिटुकली काय बोलली, विहीणबाई काय म्हणाल्या, आणि बादली कशी गच्च भरलेली होती. लेकीच्या घरात शिरलं की त्यांचं पहिलं काम म्हणजे वरचं भांडं तिरपं करून खाली डोकावणं. "पाणी कसं आहे गं?" असं विचारायचं, तिने "एकदम छान, बाबा" म्हणायचं, मग यांनी दोन पेले पाणी प्यायचं आणि "बघ चव!" म्हणून पिटुकलीलाही पाजायचं.

दोन महिन्यांत पिटुकलीला तीनदा जुलाब झाले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? लेक म्हणाली, फिल्टरचं. डॉक्टर म्हणाले, मग तो आधी तपासून घ्या.

हे मला सांगताना मामा उभे होते आणि बोलता बोलता मातीच्या पोत्यावर बसले. "माझ्या हातचं भांडं," एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, उगाच घाबरू नका, पाणी आणा, बघू.

आमच्याकडे तपासायच्या लहान बाटल्या असतात, तळाशी तपकिरी पूड असलेल्या. त्यात पाणी भरून बूच लावायचं आणि उबेत ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत बाटली काळीकुट्ट होते. मामांनी रविवारी लेकीच्या फिल्टरच्या तोटीतून पाणी भरून आणलं. मंगळवारी बाटली काळी. मामांनी ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि टिचकी मारून बघितली. मला हसू येता येता राहिलं.

एका बाटलीवर निकाल द्यायचा नाही असा माझा शिरस्ता. जावई मालाचा टेम्पो चालवायचा, दर गुरुवारी आमच्या फाटकावरून जायचा. त्याला म्हटलं, येताना पाणी आण. त्याने आणलं. ती बाटली चार दिवस ठेवली तरी जशीच्या तशी स्वच्छ. पुढच्या रविवारी मामांनी आणलेली पुन्हा काळी. पुढच्या गुरुवारी जावयाने आणलेली पुन्हा स्वच्छ.

माझं डोकं चक्रावलं. मामांचं तर कामावरूनच लक्ष उडालं.

"जावईबापू दुसऱ्याच नळाचं पाणी भरतात का?" ते एकदा म्हणाले, आणि लगेच, "नाही नाही, तो तसला माणूस नाही."

मग संशय विहीणबाईंवर गेला, त्या भांडं उचलून बादलीत ओगराळं बुडवत असतील म्हणून. मग तोटीवर, पिटुकलीच्या चिकट बोटांवर, भांडं पुसायच्या फडक्यावर. मी एकेक सांगत गेले आणि लेक एकेक करत गेली. तोटी उकळून काढली, फडकं बंद केलं, भांडं साबण न लावता मऊ ब्रशने घासलं. तरी मामांची बाटली काळी आणि जावयाची स्वच्छ. अशा वेळी मला राग येतो. कोणाचा येतो ते कळत नाही, पण येतो.

एका सोमवारी मामा दोन्ही हात माझ्यासमोर धरून उभे राहिले.

"घड्याळबाई, मला वाटतं माझ्या हातातच काहीतरी आहे."

"म्हणजे?"

"भांडं मी केलं, ते माझ्या हाताने. पाणी मी भरलं की बाटली काळी, दुसऱ्याने भरलं की चांगली. मग राहिलं काय? चाळीस वर्षं माती-शेणात घातलेले हात आहेत. मुरलं असेल काहीतरी."

"मामा, काहीतरीच काय बोलता!"

"तपासा ना मग."

शेवटी मी उकळून गार केलेलं पाणी त्यांच्या हातांवरून ओतलं आणि ते बाटलीत भरलं. ती बाटली स्वच्छ राहिली. मी ती त्यांच्या नाकासमोर नाचवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी खिशात साबणाची वडी ठेवायला सुरुवात केली. जेवताना चमचा वापरू लागले. आणि रविवारी पिटुकली हात पसरून धावत आली तेव्हा त्यांनी आपले हात पाठीमागे घेतले. हे मला जावयाने सांगितलं. पोरगी थोडा वेळ तशीच हात वर करून उभी राहिली होती म्हणे.

मी फिल्टरच कारखान्यात मागवून घेतला. मामांनी टिचकी मारली. खणखणीत. पाणी भरलं, तास लावला. अर्धा लिटर उतरलं.

"बघा, किती घट्ट आहे!" कितीतरी दिवसांनी मामांचा चेहरा उजळला.

"घट्ट आहे खरा," मीही म्हटलं. आकडा माझ्या नाकासमोर होता आणि मी मान डोलावली. उतरलेलं पाणी तपासलं तर तेही निर्मळ. फिल्टरमध्ये खोट नाही हे ठरलं. तो आमच्याकडे होता त्या आठवड्यात घरी उकळलेलं पाणी चालू होतं आणि पिटुकली ठणठणीत होती. फिल्टर परत गेला, रविवार झाला, मामांची बाटली काळी झाली आणि बुधवारी पोरीला सलाईन लावायची वेळ आली. डॉक्टरांनी लेकीला चांगलंच सुनावलं. पोर एवढीशी आहे, असं वारंवार झालं तर तिला झेपणार नाही, असं ते म्हणाले.

मामा त्या दिवशी आले ते भट्टीकडे गेलेच नाहीत. "तो फिल्टर फोडून टाका," म्हणाले.

"चांगला फिल्टर फोडायचा?"

"चांगला आहे ना? मग पोरगी आजारी का पडते? सांगा ना मला. तुम्ही शिकलेल्या आहात."

दुपारी मी वही काढून सगळ्या बाटल्यांच्या तारखा एका रेषेत लिहिल्या, आणि पाहते तर काळ्या झालेल्या सगळ्या बाटल्या रविवारच्या. एकही चुकली नव्हती. इतके दिवस आम्ही कोणाच्या हातून काय होतंय ते बघत होतो, वार कोणी बघितलाच नव्हता. रविवारी त्या घरात वेगळं काय होतं, तर मामा येतात. म्हणजे फिरून पुन्हा मामांचाच हात? मी वही मिटली आणि ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं.

रविवारी मामा नऊला पोचतात, म्हणून मी आठलाच गेले. दोन खोल्यांचं घर, दार उघडंच होतं. आतल्या खोलीत बिछान्यावर पिटुकली झोपलेली, गालफडं बसलेली. विहीणबाई तिला वारा घालत होत्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर ते झिलईदार भांडं परातीत काढून ठेवलेलं, बादली उघडी, आणि मामांची लेक नळाखाली भरलेली कळशी त्या बादलीत ओतत होती.

मला बघून तिचा हात थांबला. कळशी तिने खाली ठेवली नाही आणि वरही घेतली नाही.

"हे काय करतेस?" मी एवढ्या जोरात ओरडले की आत पोरगी जागी झाली.

"मावशी, बाबांना सांगू नका."

"अगं पण का? फिल्टर असताना नळाचं पाणी खाली ओततेस?"

"पुरत नाही हो," ती म्हणाली आणि ओट्यालाच टेकली. "थेंब थेंब पडतं. इतर दिवशी हे आणि मामंजी कामावर असतात, कसंबसं भागतं. रविवारी सगळे घरी. पहिल्या रविवारी बाबा आले तेव्हा बादलीत चार बोटं पाणी होतं. त्यांनी डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उतरला. म्हणाले, कमी का गं? मी म्हटलं पाहुणे आले होते, संपलं. दोन दिवस घोटलं होतं हो त्यांनी ते. मला कसं सांगवेल? तेव्हापासून रविवारी मी भरून ठेवते."

"आणि पोरीला पाजतेस?"

"बाबाच म्हणाले होते ना, चांदी जंतू मारते. मी पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला टेकेपर्यंत भरते, म्हणजे चांदी लागेल त्याला. मला वाटायचं होत असेल शुद्ध. बाटल्या काळ्या आल्या तेव्हा वाटलं, तोटीचं नाहीतर फडक्याचं असेल. तरी मनात धाकधूक असायचीच. सोमवारी उरलेलं सगळं फेकून बादली कढत पाण्याने विसळते. एवढं करते मी."

मी कपाळाला हात लावला. चांदी तिथे लावलेली असते ती मातीतून जाणाऱ्या पाण्यासाठी, खाली साठलेलं पाणी भांड्याच्या बुडाला टेकून काय होणार? पण हे तिला कोणी सांगितलं होतं? आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो ते चांदी जंतू मारते एवढंच, आणि मोठ्या तोऱ्यात सांगतो. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण हिशेब आडवा आला. पाच माणसांचं घर, तासाला अर्धा लिटर, तेही भांडं काठोकाठ असेल तेव्हा. हा हिशेब करायला मला वहीसुद्धा लागली नसती. माझं तर कामच तेवढं आहे.

तेवढ्यात मामा आले. चपला काढून, हात पाठीमागे बांधून दारातच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग परातीतल्या भांड्याकडे.

"काय झालं? कोणाच्या हातून पडलं का?"

लेकीने हातातली कळशी खाली ठेवली. मी तोंड उघडणार तोच विहीणबाई आतून म्हणाल्या, "सांग आता. पोर वाळून चालली, तरी अजून गप्प बसणार आहेस?"

तिने सांगितलं. सगळं, पहिल्या रविवारपासून. मामा ऐकत होते, पण त्यांना ते उमगत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा एकेक गोष्ट विचारत होते.

"म्हणजे माझे हात चांगले आहेत?"

"हो बाबा."

"भांडंही चांगलं आहे?"

"भांडं चांगलं आहे, मामा," मी म्हटलं. "पण तुम्ही ते इतकं घोटलंत की छिद्रं बुजली. पाणी उतरायला जागाच नाही."

"पण हळू म्हणजे चांगलं ना? तुम्हीच म्हणता."

"चूक म्हणत होते. माणसांना पुरलं तर चांगलं. मी पहिल्याच दिवशी पट्टी घालायला हवी होती."

मामांनी मान हलवली. समजलं म्हणून की नाही समजलं म्हणून, ते मला कळलं नाही. मग ते लेकीकडे वळले.

"मी रागावलो असतो असं वाटलं तुला?"

"नाही बाबा. तुम्ही रागावला असता तर सांगितलं असतं मी. तुम्ही इतके खूश असायचात."

मामा खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना. पिटुकली आतून रांगत-चालत आली आणि त्यांच्या मांडीत शिरली. या वेळी त्यांनी हात पुढे केले, पण धरताना विचारलं, "धरू ना?" कोणाला विचारलं कोण जाणे. लेक हुंदके देत होती, तिने नुसती मान हलवली.

त्याच दुपारी रॅकवरचा एक साधा, खरबरीत फिल्टर तिच्याकडे गेला. मीच तास लावून बघितला होता, पावणेदोन लिटर. बादली, झाकण, तोटी कशी धुवायची, खाली दुसरं पाणी का घालायचं नाही, चांदी काय करते आणि काय करत नाही, हे मी तिला बसवून सांगितलं. कारखान्यात आता एक लिटरच्या खालचं भांडंही आम्ही बाजूला काढतो. पिटुकलीला त्यानंतर जुलाब झाले नाहीत.

मामांचं मात्र काही ठीक होईना. बाटल्या स्वच्छ येत होत्या, रविवारच्याही, पण ते स्वस्थ नव्हते. "पाणी पुरतं का गं?" असं ते लेकीला विचारायचे आणि ती "हो बाबा, पुरतं" म्हणायची. सोमवारी ते मला विचारायचे, "खरं म्हणाली असेल का हो?" मी म्हणायचे, खरंच असेल. "पण तेव्हाही तशीच म्हणायची, अगदी तशीच, तोंडभर हसून." पाण्याची बाटली उबेत ठेवून तपासता येते, माणसाचं बोलणं नाही. मी त्यांना कामाला लागा म्हणायचे आणि माझ्या घड्याळाकडे वळायचे.

सहा-सात आठवड्यांनी एका सोमवारी मामा फाटकातूनच हात वर करून आले. इतके हसत होते की मला वाटलं, लॉटरीच लागली.

"घड्याळबाई! पोरगी म्हणाली, नाही पुरत!"

"काय?"

"उन्हाळा वाढलाय, संध्याकाळी कमी पडतं म्हणाली. वर मलाच म्हणाली, बाबा, अजून एक फिल्टर द्या, आणि मेहेरबानी करून घोटू नका."

असं तोंडावर म्हणाली, हे त्यांनी मला दिवसभरात चार वेळा सांगितलं. मग रॅकपाशी गेले, तिथून एक भांडं उचललं, टिचकी मारली, कान लावला आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. "तास लावा," म्हणाले, आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच उभे राहिले.